बुटक्या ट्रॅक्टरवरचे दाजी

दाजींनी उघडलेली कोणतीही वस्तू पुन्हा जोडली की एखादा नट हमखास उरायचा. पंखा असो, शिवणयंत्र असो, शेवटी अंथरलेल्या जुन्या लुगड्यावर तो एकटाच पडलेला दिसे. दाजी तो उचलून उजेडात धरत आणि शांतपणे म्हणत, "असू द्या. कंपनीनं एक जास्तीचा दिलेला दिसतो."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. निवृत्तीनंतर ते आमच्या तापीकाठच्या गावी, सासुरवाडीतच राहायला आले आणि सगळ्या गावाचे दाजी झाले. जावयाची करायची ती थट्टा सगळं गाव मिळून करी. मी गावच्या शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून सख्खा शालक असूनही त्यांच्या तोंडी मी 'मास्तर'.

ते एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं तोरणमाळच्या गाडीवर. घाटाच्या वळणावळणांत दांड्याला पाठ टेकून तिकिटं फाडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. "जन्मभर उभ्यानं काम केलं, मास्तर," ते म्हणायचे, "आता जे काही करीन ते बसून." म्हणूनच सुरतेकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या बागेतलं, बसून चालवायचं, गवत कापायचं छोटं ट्रॅक्टर भंगारात निघालंय असं कळताच ते टेम्पो घेऊन गेले. ट्रॅक्टर उतरवलं तेव्हा ते जेमतेम कमरेएवढं भरलं. गावानं त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, 'बुटकं'.

बुटक्याला काम तयारच होतं. देवीच्या मंदिरापुढच्या मैदानात नवरात्रात गरबा होतो, आणि पावसाळ्यात तिथं मांडीएवढं गवत माजतं. बायका-पोरी अनवाणी खेळतात. एका वर्षी ऐन फेरात साप निघाला, सगळी पळापळ झाली. तेव्हापासून घटस्थापनेच्या आत मैदान कापून द्यायचं दाजींनी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते काम त्यांचंच आहे असं सगळे धरून चालत, आणि त्याहून जास्त ते स्वतः.

पण बुटकं चालू ठेवणं ही वेगळीच कथा होती. त्याचे सुटे भाग शहाद्यात मिळत नसत. दुकानदार विचारी, "कोणतं मॉडेल?" दाजी सांगत, "बुटकं." एकदा पिठाच्या चक्कीचा पट्टा बसवला, तर अंगणभर जळक्या रबराचा वास सुटला. एकदा उंदरांनी वायरी कुरतडल्या. पात्याचा गंजलेला बोल्ट सोडवताना पाना सटकून दाजींची बोटं सोलवटायची. तरी त्यांच्या तोंडून शिवी येत नसे. ते यंत्राशी अबोला धरत. "आज आमचं बोलणं नाही," असं म्हणून ओट्यावर पाठ करून बसत. बाहेरचा मिस्त्री बोलवायचा नाही, हाही त्यांचा हट्ट. आक्का चिडायची, "सोतानं दुखनं सांगतस नही, यंत्रनं दुखनं मातर गावभर!"

एका भाद्रपदात बुटक्यानं नवाच प्रकार सुरू केला. दाजी बसले की चालू होई, पण ढेकळावरून जरा उसळलं की गप्प. पुन्हा किल्ली फिरवली की चालू, पुढच्या ढेकळाला पुन्हा बंद. दाजींनी प्लग बदलला, कार्बुरेटर रॉकेलमध्ये धुतला, पेट्रोलची टाकी उतरवून वाळवली. घटस्थापना तोंडावर आली आणि मैदानाची एक कडाही कापून झाली नव्हती. शेजारचे भगाभाई रोज कुंपणाशी येऊन विचारत, "काय करी ऱ्हायनात दाजी? हाई बी सासरवाडीनंच शे, जावईनं ऐकाव नही." दाजी हसत, पण जेवताना त्यांचं लक्ष पानात नसे.

एका दुपारी आक्का मैदानात चहा घेऊन आली आणि गुडघे दुखतात म्हणून बुटक्याच्या सीटवरच टेकली. दाजींनी बाजूनं हात घालून किल्ली फिरवली. बुटकं सुरू झालं. ती उठू लागली तसं ते अडखळलं आणि दाजी ओरडले, "उठू नकोस!"

"काय व्हयनं?"

"काही नाही. बसून राहा फक्त."

दाजींनी गिअर टाकला. आक्का पदर सावरत, हँडल घट्ट धरून त्याच ढेकळांवरून गेली. बुटकं एकदाही थांबलं नाही. मग मी बसलो, मग भगाभाई बसले. आमच्याखाली ते गुमान चाललं. दाजी बसले आणि पहिल्याच उसळीला बंद. आम्ही पोट धरधरून हसलो. दाजींनी सीट उलटवली तेव्हा खाली स्प्रिंगचं एक बटण दिसलं. बसणारा पडला किंवा उतरला तर पातं थांबावं म्हणून ते केलेलं होतं. वजन पडलं नाही, तर सीटवर कुणी नाही असं यंत्र धरायचं.

"दाजी, तुमनं वजन कोठे गयं?" भगाभाई हसत म्हणाले.

सगळ्यात आधी आक्काचं हसू थांबलं. ती दाजींच्या सदऱ्याच्या गळ्याकडे पाहत होती. तो किती ढगळ झाला होता, हे घरातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

दवाखान्यात जायच्या आधी दाजींनी मैदान पुरं केलंच. आक्कानं मांडीवर ज्वारीची अर्धी गोणी दिली, ती कवटाळून ते फेऱ्या मारत राहिले. "तिकीट काढलंत का गोणीचं?" भगाभाई ओरडले. "अर्धं!" दाजी म्हणाले. त्या वर्षी गरबा नेहमीसारखा झाला.

धुळ्याला आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर काढलं नाहीत हे बरं केलंत. कुणाच्या लक्षात आलं?" आक्का म्हणाली, "ट्रॅक्टरच्या." पुढच्या उन्हाळ्यात दाजी गोणीशिवाय बसले आणि बुटकं साऱ्या अंगणात ढेकळांवरून न थांबता फिरलं. त्या दिवशी आक्कानं शिरा केला आणि गल्लीभर वाटला. मग कितीतरी नवरात्रं चांगली गेली. पट्टा तुटे, वायरी कुरतडल्या जात, अबोला होई आणि मिटे.

गेल्या भाद्रपदात मी मैदानावर गेलो तेव्हा दाजी बुटक्याजवळ उभे होते. यंत्र मैदानाच्या मधोमध थांबलेलं होतं. बॉनेट उघडलेलं नव्हतं, हातात पाना नव्हता. मी म्हणालो, "काय बिघडलं? आक्काला गोणी आणायला सांगू?"

"नको. तिला काही सांगू नका एवढ्यात," ते म्हणाले. "तिला सणासाठी घर सारवायचंय." मग किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही बसा."

मी बसलो. मला उमगलं होतं, आणि मला उमगलंय हे त्यांनाही. ते कडेच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि कुठे पट्टी राहिली ते हातानं दाखवू लागले. ते दाखवतील तिकडे मी वळत गेलो. सगळं मैदान एकसारखं होईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.