निरोगी माणसाची नळी

प्रयोगशाळेतला सगळ्यात गार फ्रीजर त्याच्या ताब्यात होता आणि स्वभावही तसाच, म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणत. दार उघडलं की पांढरी वाफ त्याच्या छातीवर यायची. तो तिच्यात हात घालून नेमकी हवी ती नळी काढायचा.

तिथलं काम एकाच आजारावर चाले. चांगला हिंडता-फिरता माणूस पन्नाशीला आला की आधी पायरी चुकतो, मग घास, मग शब्द. घराण्यात हे वरून खाली उतरत जातं. अशा घरांतल्या माणसांचं रक्त लाल डब्यात असे. पांढरा डबा निरोग्यांचा. रोग्यांची तपासणी करताना तुलनेला एक निरोगी माणूस लागतोच, आणि तिथे पहिल्यापासूनची रीत अशी की ते रक्त थंडोबाचं.

"मी आजारी पडलो तर तुमचं शास्त्र झोपेल," असं तो मिशीत हसून म्हणायचा.

त्याची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळून वारली होती. जिन्यावरून पडली आणि तिथून खंगली, असं घरात म्हणत. ती आधीच आजारी होती म्हणून पडली असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही नाही.

मग त्या आजाराचं, जुन्या तपासणीला न दिसणारं, आणखी एक मूळ सापडलं आणि नवी तपासणी लागली. तिच्यात जेलीसारख्या पारदर्शक थरावर प्रत्येक माणसाची एक रांग उमटते. निरोग्याच्या रांगेत एक रेघ, रोग्याच्या रांगेत दोन. थंडोबाने रेघा दिसाव्यात म्हणून थराखालचा दिवा लावला. त्याच्या रांगेत दोन रेघा होत्या.

"काय हो, झोपेत नळ्या भरल्यात?" संशोधक बाई म्हणाली. जिभेची तिखट, मनाची साफ. "रोग्याचा थेंब तुमच्यात सांडला."

"माझ्या हातून?"

"मग काय माझ्या सासूच्या?"

त्याने शेवटच्या रांगेकडे बोट केलं. तिथे दरवेळी नुसतं पाणी लावतात. सांडलवंड झाली असली तर बहुधा पाणीच चहाडी करतं. पाण्याची रांग कोरी होती. तरी त्याने ताजं रक्त काढून देऊन पुन्हा सगळं केलं. रेघा दोनच. बाईच्या तोंडातली थट्टा विरली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्याला खोलीत बोलावून बसवलं. "उद्यापासून पांढऱ्या डब्यात माझं रक्त ठेवा. घरी कोण असतं तुमच्या?"

"मुलगी. तिला दिवस गेलेत."

सर चष्मा पुसत राहिले. "जाणून घ्यायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं असतं. आपण सगळ्यांना हेच सांगतो."

"तुम्ही सांगता तेव्हा मी मागे उभा असतो, सर. सोपं वाटायचं."

घरी मुलगी भांडी घासत होती. "सकाळी पुन्हा कप फोडलात, बाबा. अगदी आजीवर गेलात."

तो स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. नळ वाहतच राहिला.

"म्हणजे मला?"

"नाणं उडवल्यासारखं. निम्मं निम्मं."

तिने ओला हात पोटावर ठेवला. "आणि याला?"

"तुझ्यात असलं, तरच."

"इतकी वर्षं लोकांच्या घरात हे शोधत होतात," ती म्हणाली, "आणि आजी समोर पडून होती."

तिने नळ बंद केला. "मला कळू द्या. माझंही रक्त घेऊ द्या. पण तुम्ही नाही घ्यायचं."

"माझा हात हलका आहे, पोरी. सगळे म्हणतात."

"तो थरथरतोय, बाबा."

सकाळी त्याने पांढऱ्या डब्यातून आपल्या नळ्या काढल्या आणि लाल डब्यात मांडल्या. त्यांच्या शेजारचं, एका नळीपुरतं घर रिकामं राहिलं. नवी नळी पुढच्या रिकाम्या घरात जायची, हा त्यानेच घातलेला नियम; आज ती लेकीची असणार होती. बाहेर बाईचा आवाज आला, "थंडोबा, तुमची लेक आलीय!" आवाजात थट्टा नव्हती.

"आलो," तो म्हणाला. पण आधी त्याने एका नळीत नुसतं पाणी भरलं. एकही नळी कधी चुकीच्या जागी न ठेवलेल्या त्या माणसाने ती आपल्या शेजारच्या घरात उभी केली आणि दार लावलं.