सेल्फ फिरतोय, गाडी सुरू होत नाही

दर अमावस्येला सकाळी अव्वा गाडीची पूजा करतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, आणि ती चिरडत मी गाडी फाटकाबाहेर काढते. त्या सकाळी लिंबं तशीच राहिली. किल्ली फिरवली, सेल्फ जोरात फिरला, पण गाडी सुरू होईना. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

मी या घरात आप्पांना सांभाळायला राहते. अव्वा-आप्पांचा मुलगा पुण्याला असतो, मी त्याला दादा म्हणते. मागच्या वेळी गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा त्यानं सांगून टाकलं होतं, आता एकदा जरी हिनं दगा दिला तर विकून टाकणार आणि तुम्हा दोघांना पुण्याला नेणार. पुण्यात माझी गरज नव्हती. तिथं वहिनी आहेत, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. म्हणजे मी परत भंडाऱ्याकडे. आणि नेमका त्याच दिवशी दादा रेल्वेनं येत होता, त्याला आणायला मीच जाणार होते. याच गाडीनं.

माझी शाळा नववीत सुटली. पेशंट सांभाळायच्या कामावर इतक्या लांब सोलापूरला आले तेव्हा इथं ओळखीचं कुत्रं नव्हतं. आप्पांची उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. ‘हं’ आणि ‘नको’, एवढंच काय ते बोलणं. मी भाताच्या मुलखातली, हे घर भाकरीचं. अव्वांनी महिनाभर माझ्यापुरता वेगळा भात लावला आणि कधी बोलून दाखवलं नाही. आप्पांना व्यायामाला नेता यावं म्हणून मला क्लास लावून गाडी शिकवली, तीही पोटच्या पोरीला शिकवावी तशी. हे सगळं त्या किल्लीला टांगलेलं होतं.

“काहून नाही होत व माय,” मी पुटपुटले.

“तुजं काहून काहून ऐकून ती सुरू व्हणार हाय व्हय?” अव्वा पायरीवरून म्हणाल्या. “गॅरेजवाल्याला फोन लाव की.”

लावला. तो मोडनिंबला सासरी गेला होता, संध्याकाळी येतो म्हणाला.

तेवढ्यात व्हरांड्यातून ठक ठक आवाज आला. आप्पा डाव्या हातानं काठी आपटत होते. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना होता तेव्हापासूनची ही गाडी, तिचं सगळं तेच करायचे. मी त्यांची चाकाची खुर्ची गाडीपुढं आणली आणि बॉनेट उघडलं.

आप्पांनी बोट नाकाला लावलं. मी वाकून वास घेतला. पेट्रोलचा वास चांगला उग्र येत होता.

“येतोय आप्पा.”

“हं.” म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग त्यांनी चुटकी वाजवली आणि पुन्हा वाजवली. मला कळेना. त्यांनी काठीनं प्लगची वायर दाखवली, तेव्हा उमगलं. करंट.

प्लगवरची एक वायर काढून टॉवेलात गुंडाळून धरली, तिचं टोक लोखंडाजवळ नेलं. अव्वा स्टिअरिंगवर बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

“फिरवू का गं? मरशील बिरशील.”

“फिरवा.”

सेल्फ फिरला. ठिणगी नाही. पुन्हा फिरवला, नाहीच. वायर परत प्लगवर बसवली.

आणि फोन वाजला. दादा. “कुर्डुवाडी सोडली. गाडी येतीय ना? का रिक्षा करू?”

“येतीय दादा,” मी म्हणाले. अव्वांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

आप्पांची काठी आता काळ्या गोल डब्यावर टेकली होती. तिथून चारही प्लगना करंट वाटला जातो. मी स्क्रूड्रायव्हरनं क्लिपा उचकटल्या आणि घाईघाईत झाकणावरच्या वायरी ओढायला लागले. गाडी हातून सुटत होती, माझं घर सुटत होतं, मला सगळं एकदम उपटून पुसायचं होतं.

“ए... केक.”

मी थांबले. अव्वा स्टिअरिंगवरच थिजल्या. आप्पांचा चेहरा लाल झाला होता, ओठाच्या कडेला लाळ आली होती, पण शब्द नीट होता. एकेक. सगळ्या वायरी काढल्या असत्या तर कुठली कुठं लावायची ते मला सात जन्मात आठवलं नसतं.

झाकण उलटं केलं. आत लालसर पाणी. बोट लावून पाहिलं, कुंकू.

“अव्वा, आज पाणी कुठं घातलं?”

“दर अमावस्येला नुसतं तोंड धुती मी हिचं,” अव्वा हळूच म्हणाल्या. “आज पोरगं येणार, म्हटलं बॉनेट उघडून पोटाची पण पूजा करावी. तांब्याभर तर घातलं. लई न्हाय.”

आप्पांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते, अर्ध्या तोंडानं.

“हसा,” अव्वा म्हणाल्या. “तुमच्याच गाडीसाठी केलं.”

झाकण आतून पुसलं, उन्हात धरलं, एकेक वायर काढून पुसून परत तिथंच लावली. प्रत्येक वायरीला मी आप्पांकडं बघायचे, ते “हं” म्हणायचे. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. गाडी खोकली, धूर सोडला, आणि सुरू झाली. मी आनंद करत बसले नाही. निघाले.

दादा स्टेशनबाहेर उन्हात उभा होता. ट्रॅफिक होतं असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि खरं तेच तोंडातून आलं.

“गाडी सुरू होत नव्हती दादा.”

“मग? गॅरेजवाला आला?”

“आप्पांनी सांगितलं, मी केलं.”

“सांगितलं म्हणजे?”

“बोटानं. आणि एकदा तोंडानं. एकेक म्हणाले.”

त्यानं बॅग मागच्या सीटवर टाकली आणि पुढं बसला. सात रस्त्याच्या चौकात त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. मग म्हणाला, “तुला नीट कळलं? म्हणजे, शब्द कळला?”

“कळला. मी थांबले की लगेच.”

घरी आल्यावर त्यानं चहासुद्धा घेतला नाही. आप्पांची खुर्ची पुन्हा गाडीपुढं नेली, बॉनेट उघडलं आणि गुडघ्यावर बसून एका डब्यावर बोट ठेवलं. “आप्पा, हे काय?”

आप्पांनी बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. मठ्ठ पोराकडं मास्तर बघतात तसं.

“कॉ...इल.”

“आणि हे?”

विकायचा विषय त्या मुक्कामात निघाला नाही. जाताना दादा मला म्हणाला, “रोज बॉनेट उघडून त्यांना विचारत जा. बाकीचं मग बघू.” ते ‘बघू’ अजून माझ्या डोक्यावर आहेच. पण मी रोज विचारते. परवा कॉइलला मी प्लग म्हणाले, तर आप्पा मला “गाढव” म्हणाले, अगदी पूर्ण. अव्वांनी लगेच पुण्याला फोन लावला. “ऐक रे,” म्हणाल्या, “तुजा बाप शिव्या द्यायला लागला.”