गोव्याचा रुपया, बेळगावचा भाव

वसंताच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, साखरपुड्याला घरातली एक तरी बाई हवी होती. आईला प्रवास झेपत नाही, म्हणून मी निघाले. माझं सासर-माहेर दोन्ही निपाणीतच, त्यामुळे बेळगाव पाहायचं राहूनच गेलं होतं.

तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर एक सांगते, मोटारीत मागच्या बाकावर बसू नका. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते आणि भट्टी नेमकी मागं असते. वडिलांच्या मागं आमचं घर चालवणारे काका, आप्पा, तंबाखूचे व्यापारी. त्यांचं परीटघडीचं धोतर संकेश्वर येईपर्यंत करडं झालं. संकेश्वरला चहा बरा मिळतो, भजी गरम असतील तरच घ्या. पुढं वंटमुरीच्या घाटात गाडी थकली आणि पुरुषमंडळींना उतरून चालावं लागलं. मी खिडकीतून मोकळं रान बघत बसले. खूप दिवसांनी अशी नुसती बसले होते.

रात्री बेळगावात नात्यातल्या घरी उतरलो. सकाळी टांग्यानं हिंडलग्याला. तुरुंगाची भिंत मागं पडली की दोन्हीकडं भाताची शेतं लागतात. मुलीच्या मामांचं घर तिथंच. मुलगी सुमती आणि तिचे वडील केशवराव गोव्याहून रेल्वेनं आले होते. हद्दीवर कॅसलरॉकच्या जकातनाक्यावर ट्रंका उघडून दाखवाव्या लागल्या, असं ते हसत सांगत होते. गावी त्यांचं किराण्याचं दुकान. बोलणं मऊ, मधेच एखादा कोकणी शब्द.

ओट्या झाल्या. वरदक्षिणेचे रुपये केशवरावांनी तबकात रचून आप्पांपुढं ठेवले. आप्पांनी वरचा उचलला, पायरीवर वाजवला आणि उलटून पाहिला.

"ह्यो कुठला राजा?"

"पोर्तुगालचा. आमच्याकडचे रुपये ते."

"आमच्याकडं चालत न्हाईत. बाजारात बट्टा कापतात, तो कुणी सोसायचा?"

केशवरावांचा चेहरा उतरला. "दोन्ही सरकारांचा करार होता, आप्पासाहेब. रुपयाला रुपया. आमच्या वडिलांच्या वेळचे रुपये तर तुमच्याच कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेले."

"करार ऱ्हाऊ दे. बोलणं इंग्रजी कलदार रुपयांचं झालंय."

बायका आतून बघत होत्या. वसंता जमिनीकडं बघत बसला होता. तो काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. शेवटी केशवरावांनी तबकातले रुपये पंच्यात बांधले. "बदलून आणतो," म्हणाले. मला राहवलं नाही. वसंताला उठवलं आणि आम्ही दोघं त्यांच्यासोबत टांग्यात बसलो.

बेळगावची पेठ एरवी मी डोळे भरून पाहिली असती. त्या दिवशी आम्ही सरळ एका सराफाच्या दुकानात शिरलो. त्यानं नाणी कसाला लावली, तोलली आणि हसला.

"बट्टा? उलटं मीच वर देतो की! सरकारनं जुनं रुपये परत घेतलं, नव्यात निम्मीच चांदी हाय. ह्यात लई चांदी हाय, अण्णा."

दर रुपयामागं दोन-अडीच आणे जास्त आले. केशवरावांनी ठरलेली रक्कम एका बाजूला बांधली, वरचे पैसे खिशात ठेवले. परतीच्या वाटेवर ते वसंताला म्हणाले, "बरं झालं. सुमतीला एक साडी होईल यात." वसंताही पहिल्यांदाच हसला. मला वाटलं, निभावलं.

पण घरात पाऊल ठेवताच वसंतानं कौतुकानं सगळं सांगून टाकलं. सराफ काय म्हणाला, किती वर मिळालं, सगळं. आप्पा सुपारी कातरत होते. हात न थांबवता म्हणाले, "म्हंजे तबकात ठेवलेलं तेवढ्या किमतीचं हुतं. एकदा आमच्यापुढं ठेवलं ते आमचं. वरचं पण हितंच ठेवा."

"आप्पा, अहो काय बोलताय!" मी ओरडलेच. "सकाळी हेच पैसे तुम्हाला चालत नव्हते!"

"तू बाईमाणूस, व्यवहारात पडू नगंस."



केशवरावांनी खिशातले पैसे काढले, तबकात ओतले, वर ती बांधलेली रक्कमही ठेवली. आवाज जराही चढला नाही.

"हे सगळं घेऊन जा. तुमचा येण्याजाण्याचा खर्च झाला असेल. मुलगी मात्र माझ्याबरोबर येईल."

आप्पा चिडले, मानापमानाचं बोलले, आणि उठताना पैसे पिशवीत घातले. होय, घातले. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो झटकला. वसंता तोवर टांग्यात जाऊन बसला होता.

मी उंबऱ्यापाशी चपला शोधत होते तेव्हा सुमती करंडा घेऊन आली. घरातून सवाष्ण रिकाम्या कपाळानं जाऊ नये म्हणून. "थांबा, आक्का," म्हणाली. तिनं मला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. मला मान वर करता आली नाही.

परतीच्या मोटारीत आप्पांनी आम्हा सगळ्यांचं भाडं भरलं. घरी नेण्यासाठी मांडेही घेतले होते. बेळगावचे मांडे फार छान असतात म्हणे, मी खाल्ले नाहीत. वसंताशी अजून नीट बोलणं होत नाही. ते पैसे परत पाठवू या, असं मी त्याला दोनदा म्हणाले. तो म्हणतो, आप्पांना कोण विचारणार.

शेजारणी विचारतात, प्रवास कसा झाला? मी घाट सांगते, भट्टीचा धूर सांगते, हिंडलग्याची हिरवी शेतं सांगते.

आईला मात्र तेवढ्यानं भागेना. लग्न मोडलं हे तिला कळलं होतं, तरी तिनं मला जवळ बसवून विचारलं, "मुलगी कशी होती गं? नाकीडोळी?"

मी आठवून पाहिलं. मला तिची कुंकवाची बोटं तेवढी आठवत होती.