अण्णांच्या वायफायचं नाव

"म्हणजे गावाला पाहुणा म्हणायचं?" अण्णांनी विचारलं.

मी राउटरच्या सेटिंगचं पान मोबाइलवर उघडून त्यांच्यासमोर धरलं होतं. त्यात 'गेस्ट नेटवर्क' असं एक बटण असतं. ते चालू करू द्या, एवढंच माझं म्हणणं होतं. अण्णांनी गेस्ट म्हणजे काय ते शेजारी बसलेल्या बापूंना विचारून घेतलं. बापू हे अण्णांच्या ओसरीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारे गृहस्थ. अण्णांना न कळलेलं सगळं त्यांना कळतं.

"पाहुणा आज येतो, उद्या जातो," अण्णा म्हणाले. "ही माझी मतदार हैत. त्यांला पाहुणा म्हणलं तर ती दुसऱ्याच्या घरी जेवायला जातील."

मी उमरग्याच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत काम करतो. फायबरची वायर ओढायची, राउटर बसवायचा, त्याची सेटिंग करायची आणि पुढं वर्षभर 'नेट का चालंना' याची उत्तरं द्यायची. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडिलांनी हैदराबाद रोडवर दुसऱ्यांचे ट्रक चालवून मला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. शाळेतले आमचे गुरुजी सुट्टीत घरी बोलावून इंग्रजी वाचून घ्यायचे, म्हणून राउटरच्या डब्यातलं इंग्रजी पुस्तक मी आज न अडखळता वाचतो. या दोघांचे उपकार मी विसरत नाही. पण ग्राहकाला मतदार असतात, हे त्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही.

गाव लोहाऱ्याच्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही, तिथं माझी अजून बरीच कनेक्शनं आहेत. सरपंच म्हणजे अण्णांच्या पत्नी. सही सोडून बाकीचं सगळं अण्णा बघतात. वाढदिवसाला त्यांनी घरासमोरच्या पारावर मोठा फ्लेक्स लावला होता. वर गॉगल घातलेले अण्णा, खाली 'वाढदिवसानिमित्त समस्त ग्रामस्थांना मोफत वायफाय', आणि त्याखाली वायफायचा पासवर्ड, दहा हातांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. पासवर्ड लपवायचा असतो, हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. पण लपवलेल्या गोष्टीचं श्रेय मिळत नाही.

हे वायफाय म्हणजे अण्णांच्या घरचंच कनेक्शन. तोच एक राउटर, आतल्या खोलीत फ्रिजवर ठेवलेला.

तक्रार अण्णांची नव्हती. ती त्यांच्या सुनेची होती. प्रणिताताई पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करतात. दवाखान्यांची विम्याची प्रकरणं तपासायची, रुग्णांची सगळी माहिती लॅपटॉपवर उघडायची. पारावर क्रिकेटची मॅच सुरू झाली की त्यांची मीटिंग तुटायची. तेवढ्यावर भागलं असतं तर त्यांनी मला बोलावलंही नसतं. पण कंपनीनं आता सगळ्यांकडून घरच्या राउटरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट मागितले होते. घरचं नेटवर्क वेगळं आणि बंदिस्त नसेल, तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा, नाही तर राजीनामा द्या. नवऱ्याचं खताचं दुकान गावात, मुलगी अंगणवाडीत. पुण्याला जाणं होणार नव्हतं. म्हणजे नोकरी जाणार होती.

कंपनीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकाच वायफायवर असणं म्हणजे एकाच घरात असणं. पारावरचा माणूस आपल्याला बाहेर बसलेला दिसतो, पण नेटवर्कच्या दृष्टीनं तो माजघरात आलेला असतो. तिथून तो घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं दार वाजवून बघू शकतो. गेस्ट नेटवर्क म्हणजे ओसरी. बसा, चहा प्या, नेट वापरा, पण उंबऱ्याच्या आत नको. आमच्याकडं घराला ओसरी असते ती यासाठीच. अण्णांच्या घराला चांगली लांबरुंद होती. राउटरला मात्र त्यांना ती नको होती.

मी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. सुनबाईंच्या नोकरीचा प्रश्न आहे, असं म्हणालो. अण्णांनी मान हलवली. नोकरी काय, आज हाय उद्या न्हाय, पण गावाला शब्द दिलाय, असं त्यांचं म्हणणं पडलं. बापूंनी दुजोरा दिला. प्रणिताताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

मी आत जाऊन निदान राउटर तपासला. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, म्हणजे घरात शिरायची किल्ली. दुसरा ॲडमिनचा, म्हणजे घराच्या भिंती हलवायचा अधिकार. हा दुसरा कारखान्यातून राउटरच्या बुडाला स्टिकरवर छापून येतो आणि पहिल्याच दिवशी बदलायचा असतो. इथं तो बदललेला नव्हता. आमच्या घरी चोरी करायला कोण येतंय, असं म्हणून अण्णांनी तो बदलू दिला नव्हता. मी राउटर उलटा करून प्रणिताताईंना स्टिकर दाखवलं.

त्यांनी विचारलं, याच्यानं काय काय बदलता येतं? मी म्हणालो, सगळं. पासवर्ड, वेग, वायफायचं नावसुद्धा. बाहेरच्या कुणाला बदलता येईल का? बाहेरच्याला स्टिकर कसं दिसणार, ताई, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. लोक सहसा इतकं विचारत नाहीत.

मी स्वतःहून सेटिंग बदलून टाकावी का, म्हणून शेठना फोन केला. शेठ म्हणजे आमच्या कंपनीचे मालक.

"आपली वायर कशावरनं जाती?" त्यांनी विचारलं.

"ग्रामपंचायतीच्या खांबांवरून."

"ग्रामपंचायत कुणाची?"

"अण्णांची."

"मंग कस्टमर कोण?"

"अण्णा."

"आन् सून?"

"सून."

"ये मग परत," शेठ म्हणाले.

मी परत आलो. प्रणिताताईंना सांगितलं, अण्णांची परवानगी मिळाली की फोन करा, मी लगेच येतो. त्या बरं म्हणाल्या. परवानगी मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शनिवार हा त्या गावचा बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची माणसं येतात, जीपा पारापाशीच थांबतात. त्या सकाळी शेठचाच मला फोन आला. असशील तिथून निघ, अण्णांच्या घरी जा. आवाज खाली आला होता.

मी पोचलो तेव्हा पारावर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. मीही माझा काढला. आसपासच्या वायफायची नावं फोनवर दिसतात, ती बघितली. आधी तिथं ANNA JANSEVA असं नाव असायचं. आता होतं: ANNA PANI KADHI SODTA.

अण्णा, पाणी कधी सोडता. त्या गावात नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. मधल्या दिवसांत टँकर यायचा. टँकर अण्णांच्या पुतण्याचा.

यात एक तांत्रिक गंमत आहे. वायफायचं नाव बदललं की जुने जोडलेले फोन आपोआप जोडले जात नाहीत. प्रत्येकाला यादीत जाऊन नव्या नावावर बोट दाबावं लागतं आणि पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. पासवर्ड तोच होता, समोर फ्लेक्सवर. त्यामुळं ज्याला मॅच बघायची, त्याला आधी त्या प्रश्नावर बोट ठेवावंच लागत होतं. आणि पारावरचा प्रत्येकजण तसं करताना ते वाक्य मोठ्यानं वाचत होता.

ओसरीवर बैठक बसली होती. बापूंनी सकाळीच राउटरचं बटण बंद करून पाहिलं होतं. नाव गेलं, पण नेटही गेलं, आणि पारावरून ओरडा सुरू झाला. मग चालू केलं तर नाव परत हजर. नाव राउटरच्या आत साठवलेलं असतं, ते बंद-चालू करून जात नाही. बटण बंद केल्यानं राउटरमधून गेला तो फक्त कोण कधी आत शिरलं याचा तपशील. म्हणजे बापूंनी पुरावा तेवढा पुसून ठेवला होता.

चर्चा सुरू होती ती हे कुणी केलं यावर. विरोधी गटाच्या भाऊसाहेबांचं काम, यावर एकमत होतं. त्यांनी सोलापूरहून हॅकर आणला, असं बापूंचं मत पडलं.

"सोलापूरचा?" अण्णांचा चेहरा उतरला.

"दिल्लीचा बी आसंल," बापू म्हणाले. "आजकाल दिल्लीतनंच करतेत."

अण्णा जरा सावरून बसले. त्या बैठकीत प्रश्न कुणी विचारला यावर भरपूर बोलणं झालं. प्रश्नावर झालं नाही.

मग अण्णा माझ्याकडं वळले. "इंजिनियर, खरं सांग. हे कसं झालं?"

मला खोटं बोलता येत नाही. गुरुजींच्या घरची सवय. मी म्हणालो, "अण्णा, राउटरचा मूळ पासवर्ड बदलायचा राहिला होता. तो तसाच ठेवला की असं होतं."

हे अक्षरशः खरं होतं. त्याच्या पुढचं मला कुणी विचारलं नाही.

"बदल मग," अण्णा म्हणाले. "जे जे बंद करता येतंय ते बंद कर."

"आणि गेस्ट नेटवर्क?"

"टाक सगळ्यांला पाहुण्यात. कोण मतदार आन् कोण गनीम, आता कळंना."

आत गेलो. प्रणिताताई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. आधी ॲडमिनचा पासवर्ड बदलला. तो त्यांनी टाकला, मी खिडकीकडं बघत उभा राहिलो. मग घरासाठी वेगळं नेटवर्क केलं, त्याला नवा लांब पासवर्ड. नाव काय ठेवू, विचारलं. GHAR ठेवा, म्हणाल्या. पारासाठी गेस्ट नेटवर्क, जुन्या ANNA JANSEVA नावानं, फ्लेक्सवरच्याच पासवर्डनं, वेगाला मर्यादा घालून. एक बटण दाबलं की पासवर्डशिवाय फोन जोडून घेणारी एक सोय राउटरला असते, ती बंद केली. बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगपर्यंत यायची वाट आधीपासूनच बंद होती. दिल्लीवाल्याची तेवढी पंचाईत झाली असती.

राउटर फ्रिजवर परत ठेवताना मी तो उलटा करून पाहिला.

"ताई, स्टिकरवर धूळ नाही," मी म्हणालो.

"फ्रिज मी रोज पुसते, दादा."

मी वायर नीट करत राहिलो. त्या खोलीत बाहेरचा माणूस येत नव्हता. बापूसुद्धा बटण बंद करायला आले ते बहुधा पहिल्यांदाच.

थोड्या वेळानं त्या स्क्रीनशॉट काढता काढता हळू आवाजात म्हणाल्या, "मामांना तोंडी विचारून झालं होतं. वायफायचंही आणि पाण्याचंही."

मामा म्हणजे सासरे. मी ऐकलं आणि ओसरीवर येऊन काम झालं म्हणून सांगितलं. अण्णांनी मला चहा पाजला, उठून फाटकापर्यंत सोडायला आले. पहिल्या भेटीत त्यांनी मला बस म्हटलं नव्हतं.

सोमवारी प्रणिताताईंचा मेसेज आला. कंपनीनं घरचं नेटवर्क मंजूर केलं होतं. त्या आजही तिथंच काम करतात, मीटिंग तुटत नाही. अण्णांनी शाळेच्या कार्यक्रमात भाषण केलं, की दिल्लीहून हल्ला झाला तरी आपण जनतेचं वायफाय बंद पडू दिलं नाही, आणि सुनेची नोकरीही वाचवली. टाळ्या पडल्या, असं शेठनी मला सांगितलं.

त्याच आठवड्यात भाऊसाहेबांचा ऑफिसला फोन आला. आमच्याही राउटरला तसली सिक्युरिटी बसवा, म्हणाले. कुणी हॅक केलंय का, मी विचारलं. "अजून न्हाय," ते जरा नाराजीनं म्हणाले, "पण अण्णाला करतेत तर आम्हाला का करणार न्हायत?"

मी जाऊन बसवून आलो. पहिल्या भेटीतच, पाच मिनिटांत, एकही आडवा प्रश्न न येता.

राउटरला काय धोका असतो हे लोकांना कसं समजवायचं, ते मी कॉलेजात शिकलो. कामाला लागल्यावर कळलं की ते समजवायची गरजच नसते. मालकाचा अपमान व्हायची वाट बघायची, आणि तोपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर बॅगेत तयार ठेवायचा.