अहो, या की बाहेर

"अहो, या की आता बाहेर. किती वाट बघायची माणसानं?"

हे वाक्य आमच्या समोरच्या शेजाऱ्यांनी माझ्या गाडीच्या पोटाखाली आडवं पडून म्हटलं होतं, आणि ते एका गंजलेल्या बोल्टला उद्देशून होतं. मी त्यांच्या शेजारीच आडवा होतो. त्याच बोल्टला मी गेले काही दिवस जे काही म्हणत होतो, ते इथे लिहिता येणार नाही.

ते सगळ्यांनाच अहो म्हणायचे. दूधवाल्याला, शाळेत निघालेल्या शेंबड्या पोरांना, जिन्यात आडव्या पसरलेल्या कुत्र्याला. "अहो, जरा सरका, पाय पडंल तुमच्यावर." सकाळी नळ कोरडा निघाला की त्यांच्या मोरीतून आवाज यायचा, "काय हो, आज यायचं नाही का?" आमच्या मजल्यावर सगळ्यांना वाटायचं, माणूस विनोदी आहे. मलाही तसंच वाटायचं. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं कुणीतरी असेल, ज्याच्या एका लकबीवर सगळे हसतात आणि तिच्यामागे काय आहे हे कुणी विचारत नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. वाशी तेव्हा निम्मी बांधलेली आणि निम्मी चिखल होती. गिरगावातल्या दीड खोलीतून उठून आम्ही तिथे आलो होतो. ते समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे. मूळचे परभणीकडच्या एका खेड्यातले, तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट. सगळे त्यांना केमिस्टसाहेब म्हणायचे. बाहेरच्या खोलीत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट. मला ते 'भाऊ' म्हणायचे. वयाने आम्ही सारखेच, पण त्यांच्या तोंडून भाऊ ऐकलं की मला उगाच जबाबदार झाल्यासारखं वाटायचं.

मी जबाबदार नव्हतो याचा पुरावा बिल्डिंगखाली उभा होता. एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी निळी गाडी. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा पापडासारखा झाला होता. मी विमा कचेरीत कागद सरकवणारा माणूस. पण गाडी घेतली त्याच आठवड्यात मी पान्यांचा एक संच आणि घरच्या घरी मोटार दुरुस्त करण्याचं एक पुस्तक घेऊन आलो. दर रविवारी जुनी पँट चढवून मी बॉनेट उघडायचो, आत बघायचो, "हं" म्हणायचो आणि बॉनेट लावून टाकायचो. एवढ्यानेही मला दमल्यासारखं व्हायचं. बायको चहा आणून द्यायची आणि विचारायची, "झाली का भेट?"

त्या गाडीचा मागचा एक शॉकॲब्सॉर्बर गेला होता. खड्ड्यात चाक गेलं की धडाम असा आवाज व्हायचा. वाशीत तेव्हा खड्डे सोडून फारसं काही नव्हतं, त्यामुळे मी कोपऱ्यावर असतानाच बायको कुकर चढवायची.

एकदा जिन्यात केमिस्टसाहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी वडील यायलेत गावाकडून. पहिल्यांदाच." पनवेलच्या स्टँडवर उतरतील, तिथून मी घेऊन येईन, असं ते म्हणत होते, मी मध्येच तोडलं. "घेऊन येईन म्हणजे? गाडी आहे ना आपली! मी आणतो त्यांना."

"अहो नको भाऊ, बस असते की."

"काही बस नाही. पुढच्या सीटवर बसवून आणू."

ते नको नको म्हणत राहिले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. जिना चढून जाताना ते दोनदा मागे वळून बघून हसले.

इथे थांबलो असतो तर मी भला माणूस ठरलो असतो. पण घरी आल्यावर माझ्या मनात आलं, म्हातारा माणूस, एवढ्या लांबून एसटीने खिळखिळा होऊन येणार, त्यात आपल्या गाडीचं धडाम. शॉकॲब्सॉर्बर बदलून टाकू. मेकॅनिकने ते काम चहा निवायच्या आत केलं असतं. मी पुस्तक उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं, 'खालचा बोल्ट सोडवून घ्यावा.' एवढंच. लिहिणाऱ्याने तो बोल्ट कधी पाहिलाच नव्हता, किंवा तो कोरड्या हवेच्या गावात राहत असावा.

जॅक लावून, विटांवर गाडी टेकवून, चाक काढून मी खाली शिरलो. बोल्ट म्हणजे गंजाचा एक गोळा होता. पाना लावला, जोर केला. पाना सटकला आणि माझी बोटं पत्र्यावर आपटली. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. थोड्या वेळाने पाहतो तर बोल्टचे कोपरे झिजून तो सुपारीसारखा गुळगुळीत झाला होता आणि माझ्या बोटांची सालं गेली होती. मग मी पाइप पाना आणला, त्याच्या दांड्यात नळाचा लांब पाइप घातला आणि त्या पाइपला अक्षरशः लोंबकळलो. पाइप निसटला. मी पाठीवर पडलो. गॅलऱ्यांमधून बघणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी टाळी वाजवली.

मग मी हातोडा घेतला.

"काय करायलाव भाऊ?" कारखान्याच्या बसमधून उतरून केमिस्टसाहेब डबा हातात घेऊनच वाकून बघत होते.

"हरामखोर निघत नाही."

"मारू नका त्यांना. चिडलेत ते."

ते उकिडवे बसले, बराच वेळ बोल्टकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे बघा, गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नाही. पण गंज कळतो. आत रॉकेल मुरू द्यायचं. हळूहळू."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सकाळी बसला जाताना आणि संध्याकाळी परत आल्यावर ते लॅबमधला काचेचा ड्रॉपर घेऊन गाडीखाली जायचे आणि बोल्टच्या कडेने रॉकेलचे थेंब सोडायचे, एखाद्याच्या डोळ्यात औषध घालावं तसे. "कशी आहे तब्येत? आज थोडं बरं वाटतंय का?" मी बाजूला पाना घेऊन उभा. पेशंट जरा सुधारला की गळा धरायचा, एवढंच माझं काम.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. "अहो, बोल्टला काय अहो-जाहो करता?"

त्यांनी थेंब सोडणं थांबवलं नाही. खालूनच बोलले. "माझ्या वडलांना गावात कुणी कधी अहो म्हणलं नाही, भाऊ. नातवाच्या वयाची पोरं यायची दाराशी. 'ए, चल रे' म्हणायची. हे उठायचे, जायचे. मी तिथंच पाटीवर काही काढत बसलेला असायचो. तवा ठरवलं, आपल्या तोंडून कुणाला अरे जायचं नाही. माणूस असो, काही असो." मग जरा हसले. "सवय लागली की मग काय, बोल्टपत्तूर जाते."

मी हातोडा पेटीत ठेवून दिला. निदान त्या संध्याकाळपुरता तरी.

रविवार उजाडला तरी बोल्ट जागचा हलला नव्हता. दुपारी पनवेलला पोचायचं होतं आणि गाडी तीन चाकांवर विटांना टेकून उभी. कोपऱ्यावरचा मेकॅनिक गावी गेलेला. बायकोने सुचवलं, सरळ टॅक्सी करा. पण माझा शब्द गेला असता. पुस्तकात एका पानावर होतं, 'उष्णता दिल्यास धातू प्रसरण पावतो.' शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या प्लंबरकडून मी आगीचा झोत सोडणारा ब्लो लॅम्प आणला, बोल्टसमोर उकिडवा बसलो आणि काडी ओढायला घेतली.

"अरे ए येड्या! ठेव! ठेव ते खाली!"

सगळी बिल्डिंग दणाणली. केमिस्टसाहेब दुधाची पिशवी टाकून धावत येत होते. त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी हिसकली आणि बोटाने खाली दाखवलं. आठवडाभर मुरवलेलं रॉकेल बोल्टवरून, स्प्रिंगच्या पाट्यांवरून ओघळून जमिनीवर चांगलं थारोळं करून बसलं होतं, आणि त्या थारोळ्यात माझे पाय होते.

मी तिथेच बाजूच्या कठड्यावर बसलो. ते माझ्यासमोर उभे, धापा टाकत. हळू आवाजात म्हणाले, "माफ करा भाऊ. तोंडातून अरे गेलं."

मी जळून मरता मरता वाचलो होतो आणि हा माणूस माझी माफी मागत होता. त्यांचा चेहरा पार पडला होता. वरून गॅलरीतून बायको म्हणाली, "केमिस्टसाहेब, तुम्ही एकदाच म्हणालात. मी रोज मनात म्हणते." तेव्हा कुठे ते हसले.

वाळू आणून रॉकेल झाकलं. आता बसनेच जायचं ठरलं. ते कपडे बदलायला वर निघणार एवढ्यात गेटमधून एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर गाठोडं. सावकाश, पाट्या वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक बिल्डिंगकडे नीट बघत.

"बाबा!" केमिस्टसाहेब धावले. "अहो, मी येणार होतो ना स्टँडवर!"

"गाडी लवकर लागली. मंग इचारत इचारत दुसरी गाडी धरून आलो." ते माझ्याकडे वळले आणि हात जोडले. "जय भीम, साहेब."

"जय भीम, बाबा," मी म्हटलं. हात काळे, कपाळ काळं, पँटला रॉकेलचा वास. "तुम्हाला ह्या गाडीतून आणायचं होतं. माझ्यामुळे राहिलं."

त्यांनी गाडी एकदा चाकाच्या बाजूने आणि एकदा चाक नसलेल्या बाजूने पाहिली. "मंग आता बसतो की. हितंच तर हाय."

केमिस्टसाहेबांनी पुढचं दार उघडलं. बाबा आत बसले, गाठोडं मांडीवर घेतलं, काचेतून समोर बघायला लागले. समोर कपडे वाळत घातलेली दोरी होती. तरी बराच वेळ ते बघत राहिले. मुलगा दाराला हात लावून बाहेर उभा.

मग ते चहाला वर गेले आणि मी शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा खाली शिरलो. पाइप पाना लावला, डोळे मिटले आणि होता नव्हता तो सगळा जोर केला. कट्ट! बोल्ट तुटला असं वाटून मी ओरडलोच. केमिस्टसाहेब चहा अर्धाच सोडून खाली आले, आत सरपटले, बघितलं.

"हलले की भाऊ! पण..." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "तुम्ही तर आवळायलाव."

उताणं पडल्यामुळे माझी दिशा उलटी झाली होती. बोल्ट सोडवण्यासाठी लावलेली आयुष्यातली सगळी ताकद मी तो घट्ट करण्यात खर्च केली होती आणि त्याच झटक्याने आतला गंज तडकला होता.

"कसे का हलेना," ते म्हणाले, "हलले ना? आता उलटं फिरवा. सावकाश." आणि मग बोल्टकडे तोंड करून, "अहो, या की आता बाहेर. किती वाट बघायची माणसानं?"

तो आला. कुरकुरत, थांबत, पण आला.

संध्याकाळी नवा शॉकॲब्सॉर्बर बसवून, चाक लावून आम्ही निघालो. एक वायसर उरला होता. तो कुठला हे मला अजून माहीत नाही, आणि त्या दिवशी मी कुणाला सांगितलंही नाही. बाबा पुढे, केमिस्टसाहेब मागे. कुठे जायचं ठरलंच नव्हतं, म्हणून मी खाडीकडे वळलो. भरती होती. पुलाच्या अलीकडे गाडी उभी केली. बाबा उतरले आणि थबकले. परभणीकडच्या माणसाने एवढं पाणी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "हे पानी कोनाचं हाय?"

मी सांगायला तोंड उघडलं. खाडी, समुद्र, बंदर खातं, असलं काहीतरी मी सांगणार होतो. केमिस्टसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"कुणाचंच नाही, बाबा. सगळ्यांचं आहे."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. मग चपला काढल्या, धोतर जरा वर घेतलं आणि मुलाचा हात धरून दगडांवरून खाली उतरले. ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि लगेच थुंकून टाकली.

"लई खारट हाय रं!" असं म्हणून ते हसायला लागले. केमिस्टसाहेबही हसायला लागले. दोघं पाण्याच्या कडेला उभे राहून इतके हसत होते की पुलावरून जाणारे लोक थांबून बघत होते. मी वर गाडीपाशी उभा होतो. खाली जावं असं वाटत होतं, पण गेलो नाही. तेवढी अक्कल मला त्या दिवशी होती.

पुढे काही वर्षांनी केमिस्टसाहेबांची बदली गुजरातेतल्या कारखान्यात झाली. सामानाचा टेम्पो सकाळीच गेला. निरोप घेऊन, किल्ली माझ्याकडे देऊन ते रिक्षात बसले. नवे लोक दोन-चार दिवसांत येतील, त्यांना द्या, एवढंच म्हणाले. मी सहज दार उघडून आत डोकावलो. फरशी धुऊन पुसलेली होती. भिंतीवरचे खिळे काढून भोकं बुजवलेली. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, रिकाम्या घरात, नवा कोरा माठ. पाण्याने काठोकाठ भरलेला, वर झाकण, झाकणावर घासलेलं भांडं पालथं. ज्यांचं नावही त्यांना माहीत नव्हतं अशा माणसांसाठी.

ते नवे लोक लवकर आलेच नाहीत. कुठे अडकले कोण जाणे, चांगला आठवडा लोटला. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी समोरचं दार उघडायचो, शिळं पाणी ओतून टाकायचो आणि माठ पुन्हा भरून ठेवायचो.