बापाच्या मुळावर

निवृत्तीनंतर बऱ्याच तपासांचे तपशील माझ्या डोक्यातून निघून गेले. कोणत्या चोरीत काय जप्त केले, कोणत्या आरोपीला किती दिवसांची कोठडी मिळाली, हे आता फायली चाळल्याशिवाय सांगता येणार नाही. पण साक्री भागातल्या एका गावचा तो तपास मला पंचनाम्यातल्या वाक्यांसकट पाठ आहे. त्यातली काही माणसे हयात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही. गावाचेही नाही.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. आठवडे बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी ठाण्यात गर्दी असते. कोणाची शेळी हरवलेली, कोणाची बांधावरून मारामारी. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी सकाळपासून बसून होती. ठाणे अंमलदाराने तिला दोनदा विचारले, तिने दोनदा "मोठा साहेबले सांगसू" एवढेच उत्तर दिले. दुपारी बंदोबस्त पाहून आलो तेव्हाही ती तिथेच होती. मी तिला आत बोलावले.

ती गावची सुईण होती. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण पोट चोळायला, मूल फिरले की नाही ते पाहायला बायका अजून तिलाच बोलावत. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "साहेब, चार दिन व्हयनात. आमना गावमा एक सून मरी गयी. सातवा महिना व्हता तिले. घरना सांगतस, झटका उना. झटका नही तो."

"तुला कसं माहीत?"

"आठ दिन पहिले मी तिना पोटले हात लायेल शे. लेकरू चांगलं व्हतं, माय बी चांगली व्हती. ती गयी त्या दिवशी मी तिले देखं. दुपारपासून वांत्या चालू व्हत्यात. दवाखानामा न्या, मी सांगं. कोनी नेलं नही."

मी विचारले, प्रेत कुठे आहे. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, माहेरची माणसे पोहोचायच्या आधीच, जाळून टाकले होते. पोलीस पाटलाने ठाण्याला कळवले नव्हते. म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद नाही, शवविच्छेदन नाही, आणि आता प्रेतही नाही. एका म्हातारीच्या शब्दावर मी काय करू शकणार होतो? मी तसे बोललोही.

तिने पदराशी चाललेला चाळा थांबवला. मग म्हणाली, "तिले जाळं, साहेब. लेकरूले नही. लेकरू गाडेल शे. मीच गाडं."

आमच्याकडे गर्भार बाई मेली तर तिला तशीच चितेवर ठेवत नाहीत. पोटातले मूल वेगळे करून पुरतात. तसे केले नाही तर दोघांनाही गती मिळत नाही, बाई शिवेवर फिरत राहते आणि गावातल्या बाळंतिणींना धरते, असे मानतात. घरच्यांना तिला जाळून टाकायची घाई होती, पण या गोष्टीची त्यांना भीती वाटली. ते काम त्यांनी सुईणीला सांगितले. तिने ते केले, मूल वारेसकट जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि नाल्याच्या काठाला पुरले. जनावरांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीचे काटे ठेवले.

"मग चार दिवस गप्प का होतीस?"

"मले बी त्याच गावमा ऱ्हानं शे," ती म्हणाली. मग जमिनीकडे पाहत, "झोप येत नही, साहेब."

मी तिचा जबाब लिहून घेतला, आकस्मिक मृत्यू दाखल केला आणि स्टेशन डायरीला नोंद करून तहसीलदारांकडे माणूस पाठवला. पुरलेले प्रेत उकरायचे तर कार्यकारी दंडाधिकारी हजर लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदार, ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टर, दोन पंच आणि मी नाल्यावर गेलो. सुईणीने लांबूनच बोट करून जागा दाखवली. गावातली माणसे पलीकडच्या काठावर उभी होती. कोणी जवळ आले नाही. आमच्या दोन पंचांपैकी एक मधेच म्हणाला की त्याच्या घरी सून पोटुशी आहे, त्याला यातून मोकळे करा. दुसरा पंच मिळेपर्यंत तासभर गेला.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी हातमोजे घालून ते गाठोडे सोडले आणि आपले काम शांतपणे केले. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने मला हळूच विचारले, "साहेब, मयताचं नाव काय लिहू?" मी म्हणालो, "अमुक बाईचे सात महिन्यांचे अर्भक, असं लिही." मूल नीट वाढलेले होते. हातापायांची नखे आलेली होती. डॉक्टर म्हणाल्या, व्यंग काही दिसत नाही, आणि आईचे रक्त वारेत असते, तिच्या पोटात विष गेले असेल तर इथे सापडण्याची शक्यता आहे. त्यांनी नमुने काढून बरण्या सीलबंद केल्या आणि मी त्या प्रयोगशाळेकडे रवाना केल्या. अहवाल यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नव्हते.

मग घरच्यांकडे वळलो. घरात सासू होती, नवरा होता आणि चार वर्षांची एक मुलगी. सासरा पूर्वीच वारलेला. सासूला गावात अक्का म्हणत. अक्का चांगल्या रडल्या. सुनेला झटका कसा आला, दातखीळ कशी बसली, डोळे कसे फिरले, हे त्यांनी मला दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा तंतोतंत त्याच क्रमाने सांगितले. माझा अनुभव असा, की डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट माणूस दोनदा सारखी सांगत नाही. मागचे पुढे होते, काही गळते, काही नव्याने आठवते. ठरवलेली गोष्ट मात्र सारखीच येते.

गावच्या आशा सेविकेकडून गर्भवतीचे तपासणी कार्ड मागवले. रक्तदाब दर वेळी व्यवस्थित, पायांना सूज नाही. गरोदरपणात झटके येतात ते बहुधा रक्तदाब चढल्यावर, असे डॉक्टरांनी मला समजावले होते. म्हणजे झटक्याची गोष्ट तिथेही लंगडी पडत होती.

नवऱ्याला ठाण्यात बोलावले. तिशीचा असेल. अंगावर शर्ट लोंबत होता, गाल बसलेले. "तिले झटका उना. आम्ही काय करसूत?" एवढेच म्हणे आणि खोकत राही. खोकला आला की तोंडावर उपरणे धरी. एकदा ते त्याने घाईने मुठीत लपवले. मी उघडायला लावले. त्यावर रक्ताचे ठिपके होते.

"कधीपासून आहे हे?"

"व्हयनात पाच-सहा महिना."

"दवाखान्यात दाखवलं?"

त्याने मान खाली घातली. मी चौकशी थांबवली आणि एका शिपायाबरोबर त्याला रुग्णालयात पाठवले. यात माझी काही हुशारी नव्हती. माणूस आजारी दिसत होता, आणि तो ठाण्यात काही होऊन पडला असता तर ती जबाबदारी माझी होती.

त्याच दिवशी मयत बाईचे आईवडील ठाण्यात आले. माहेर बोदवडच्या बाजूचे. वडील दाराशीच उभे राहिले, आईच बोलली. "माह्या पोरीले काय झालं, तेवढं खरं सांगा. आम्हाले भांडाचं नाही." मी त्यांना विचारले, मुलीने फोनवर कधी काही सांगितले होते का. आई म्हणाली, मुलगी एकदा रडली होती. सासू पोटाकडे बघून वाईट बोलते म्हणाली होती. हे मूल पोटात आले आणि नवरा आजारी पडला, म्हणून एका भगताला विचारले होते, आणि भगताने सांगितले होते की लेकरू बापाच्या मुळावर आलेले आहे. ते जगले तर बाप जगणार नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"म्हटलं, बाळंतपणाले इकडे ये, मंग पाहू."

दोन दिवसांनी रुग्णालयातून थुंकीचा अहवाल आला. क्षय. मी नवऱ्याला समोर बसवले. डॉक्टरही आल्या होत्या. त्यांनीच त्याला सांगितले. हा रोग जंतूंनी होतो, गोळ्या नेमाने घेतल्या तर सहा महिन्यांत बरा होतो, गोळ्या सरकारकडून मिळतात. मुलीचीही तपासणी करून घ्यायला हवी.

त्याने सगळे ऐकले. मग डॉक्टरांना विचारले, "हाई दुखनं मले कोनी दिधं?"

"कोणाकडून तरी लागण झाली असेल. कामावर, बाजारात, कुठंही."

"पोटमातला लेकरूमुळे व्हस का?"

"नाही. त्याचा काही संबंध नाही."

"काहीच नही?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या.

तो बाकावरून खाली बसला. रडला नाही. माझ्याकडे न बघता बोलू लागला. भगताने मूळ दिले होते. लेकरू पडेल, सुनेला काही होणार नाही, असे सांगितले होते. आईने ते पाट्यावर वाटले आणि काढा केला. शक्तीचा काढा म्हणून तिला दिला. नवरा खाटेवर पडून पाहत होता. त्याला सगळे ठाऊक होते.

"तिनी एक घोट घिदा," तो म्हणाला. "मंग मले इचारं, लई कडू शे, पिऊ का? मी सांगं, पी."

मी तेवीस वर्षांच्या नोकरीत खुनाचे कबुलीजबाब ऐकले होते, त्यात शिवीगाळ असते, राग असतो, दारू असते. हा माणूस तसा नव्हता. त्याला मरणाची भीती वाटत होती, एवढेच. तिला उलट्या सुरू झाल्यावर तो आईला म्हणालाही होता की दवाखान्यात नेऊ. आई म्हणाली, नेलेस तर सगळे बाहेर येईल. तो पुन्हा आडवा झाला.

पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. म्हणून त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला. अक्कांच्या घरात पाटा धुतलेला होता, पण उरलेले मूळ चुलीमागच्या डब्यात सापडले. भगताला शेजारच्या गावातून आणले. वय झालेला माणूस, कपाळावर शेंदूर. तो घाबरला नव्हता. "मी मूळ दिधं," म्हणाला, "घेवानं का नही, ते त्यासनं काम." दीड महिन्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. डब्यातल्या मुळात जे विष होते तेच वारेत आणि अर्भकाच्या यकृतात मिळाले.

अक्कांना अटक करायला मी स्वतः गेलो होतो. तेव्हा त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुम्हले बी आंडोर व्हई ना, साहेब? मना एकच शे." आंडोर म्हणजे मुलगा. जीपमध्ये बसल्यावर मला माझेच घर आठवले. माझी बायको पहिलटकरीण असताना ग्रहण लागले होते. माझ्या आईने तिला दिवसभर एका जागी बसवून ठेवले होते. विळी हातात घ्यायची नाही, पाणी प्यायचे नाही. उन्हाळा होता. मी युनिफॉर्म घालून ड्युटीवर निघून गेलो होतो. उगाच विषाची परीक्षा कशाला, असे मनात म्हणालो होतो. त्या घरात आणि माझ्या घरात फरक होता, आणि तो मोठा होता. पण सुरुवात सारखीच होती.

खटला चालला. नवरा माफीचा साक्षीदार झाला. हा निर्णय मला आवडला नव्हता, पण काढा पाजताना पाहणारा दुसरा साक्षीदार नव्हता. सुईणीनेही साक्ष दिली. उलटतपासणीत वकिलाने तिला विचारले, तू शिकलेली नाहीस, तुला काय कळते? ती म्हणाली, "मले पोट कळस." अक्का आणि भगत दोघांना शिक्षा झाली. सुईणीला त्यानंतर गावात कोणी पोट दाखवायला बोलावले नाही. पोलिसांत जाणारी बाई, असे तिचे नाव पडले. मुलीला आजी-आजोबा बोदवडकडे घेऊन गेले. तिला लागण नव्हती.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली, ती मी नंतर नव्या अधिकाऱ्यांनाही सांगत आलो. संशयास्पद मृत्यूच्या घरी गेलात की भांडण कोणाशी होते, हे सगळेच विचारतात. तुम्ही हेही विचारा, की घरात आजारी कोण आहे, आणि त्यासाठी दोष कोणाला दिला जातोय. दोष नेहमी अशाच्या माथी जातो ज्याला उलट बोलता येत नाही. घरात अशी सून असते, आणि तिच्या पोटातले मूल तर तिच्याहूनही मुके असते.

माफीचा साक्षीदार असला तरी खटला संपेपर्यंत नवऱ्याला तुरुंगातच राहावे लागले. तिथे त्याला रोज समोर उभे करून गोळ्या देत. मी एकदा जबाबाच्या कामासाठी जिल्हा कारागृहात गेलो, तेव्हा त्याचे औषध नुकतेच पुरे झाले होते. अंगावर मांस आले होते, खोकला नव्हता. कारागृहाच्या डॉक्टरांनी त्याच्या कागदावर पूर्ण बरा असा शेरा मारला होता. त्याने तो मला दाखवला नाही. तिथल्या शिपायाने दाखवला. सहा महिने लागले होते. परत येताना मी जीपमध्ये हिशेब केला. ते मूल दिवस भरून जन्मले असते, तर त्या दिवशी चार महिन्यांचे असते. त्या वयात मुले पालथी पडायला लागतात.