मनालीचा बर्फ आणि एसटीडीची रांग

कॅलेंडरवरचं बर्फाचं चित्र पाहून मी नवऱ्याच्या मागे लागले, यंदा नाताळात मनालीला जायचंच! नव्वदीची सुरुवात होती. रावेरकडच्या केळीवाल्याला बागेतून बाहेर काढणं सोपं नाही. ही कटाई होऊ दे, ती होऊ दे, म्हणता म्हणता किती हिवाळे गेले! लग्नानंतरची आमची पहिलीच सहल, आणि मला पडता बर्फ ह्यांच्यासोबतच पाहायचा होता.

भुसावळहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे बस. घाटात पोट हलकंच ठेवा. तिथल्या मिळमिळीत भाज्यांपुढे आमच्या दशम्या नि लसणाची चटणीच कामी आली. हॉटेलात नाताळच्या झाडावर कापूस चिकटवला होता. ह्यांनी चिमूटभर काढून धागा ओढून पाहिला. “चांगला कापूस वाया घातला,” म्हणाले.

नाताळच्या सकाळी बर्फ सुरू झाला. भाड्याचे कोट चढवून आम्ही बाहेर पळालो. बाहीवर पहिला कण पडला, “अहो, पाहा!” म्हणून वळले, तर हे गायब! बाजारभर शोधलं. सापडले कुठे? एसटीडी बूथवर! धाकट्या भावावर ओरडत होते, “आठी मनालीत बर्फ पडू राह्यला! आता गारठा तिकडे येईन! बागेत धूर करा, पानी द्या!”

केळीला थंडी सोसत नाही, मलाही कळतं हो. पण आत्ताच? त्यात लाइन तुटली, पुन्हा रांग. हे बाहेर आले तेव्हा बर्फ थांबला होता, रस्त्यावर नुसता राडा.

“तू पाह्यला ना? झालं मंग!”

परतीच्या गाडीत मी तोंडाचा पट्टा सोडला. आवाज न करता कसा पडतो, फांदी कशी हळूहळू झुकते, पापणीवर कसा अडकतो, काय गमावलंत ते सगळं सुनावलं. हे आपले खिडकीबाहेर बघत बसलेले. संताप नुसता!

घरी आल्यावर दीर म्हणतो, “वहिनी, दादाचा फोन यायच्या आधीच आम्ही धूर केला होता.” घ्या!

संध्याकाळी शेजारी अंगणात जमले आणि ह्यांनी सुरू केलं. बर्फ आवाज न करता पडतो, फांदी हळूहळू झुकते, पापणीवर अडकतो...

मी चहाचा ट्रे आपटलाच. “तुम्ही कधी पाहिला?”

“तू सांगितला ना गाडीत,” हे म्हणाले.

एक शब्द गाळला नव्हता माणसाने. तरी सांगते, जोडीने जाणार असाल तर बर्फ थांबेपर्यंत नवऱ्याचा हात सोडू नका. माझा राग अजून गेलेला नाही.